बस्सीचं बंदर

राजसनं जे बोलायला नको होतं ते तो बोलला, आणि तेही जेवताना बोलला.

“आई, तुला साधं बस्सीहून जयपूरला एकटीनं येता येणार नाही आणि तू इटलीच्या गोष्टी करतेस!” असं म्हणून त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवून निवांत तोंडात टाकला.

मालनबाईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले. काय बोलतो हा पोरगा! ज्या बाईनं नवऱ्याच्या, सुभेदार कोंडिबांच्या मागं पठाणकोट, फिरोजपूर, बेळगाव अशी सगळी छावणीची स्टेशनं पालथी घातली, ह्याच राजसला कडेवर घेऊन, दोन काळ्या ट्रंका आणि एक स्टोव्ह सांभाळत निम्मा देश ओलांडला, तिला हा सांगतो की बस्सी जमणार नाही! आणि बस्सी म्हणजे तरी काय, जयपूरच्या पूर्वेला आग्रा रोडवरचं एक गाव. जवाहर नगरातल्या त्यांच्या घरातून गाडी काढली तर शेजारणीचं गाऱ्हाणं संपायच्या आत पोचावं असं. सुभेदार जाऊन तीन वर्षं झाली म्हणून बाई काय लुळी पडली की काय?

तसं भांडणाचं मूळ बस्सी नव्हतं, एक जहाज होतं. राजस आणि त्याची बायको उत्कर्षा यांनी उन्हाळ्यात समुद्राच्या सहलीला जायचं ठरवलं होतं. मोठं जहाज, आत पोहायचा तलाव, रोज सकाळी नवं बंदर. आईलाही न्यायचं, हे राजसनंच ठरवलं होतं, तेवढा तो गुणाचा होता. सोफ्यावर बसून तो बंदरांची नावं वाचून दाखवत होता आणि मालनबाई हो हो करत लसूण सोलत होत्या. रावेन्ना हे नाव आलं आणि त्यांच्या हातातली पाकळी हातातच राहिली.

त्या बंदराच्या जवळ, रेल्वेनं थोडं आत गेलं की फोर्ली नावाचं शहर आहे. तिथं एका दगडावर त्यांच्या चुलत्याचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात साताऱ्याकडच्या त्यांच्या घरातले दोघे भाऊ मराठा पलटणीतून इटलीला गेले. धाकटा परत आला, तो मालनबाईंचा बाप. थोरला ज्ञानोबा एका नदीच्या काठावर पडला, तिथंच त्याला अग्नी दिला आणि पुढं सरकारनं फोर्लीला जो दगड उभा केला त्यावर नाव कोरलं. घरातलं कुणी म्हणजे कुणी आजवर तिकडं फिरकलेलं नव्हतं. गेल्या वर्षी राजसनंच इंटरनेटवर तो दगड शोधून दाखवला होता. मालनबाईंनी मोबाइलच्या काचेवरून नावावर बोट फिरवलं तर फोटो सरकून भलतंच काहीतरी आलं होतं.

आता तेच ठिकाण दाराशी आलं होतं. जहाज त्या बंदरात दिवसभर थांबणार होतं. मालनबाईंनी सांगून टाकलं, मी त्या दिवशी आगगाडीनं फोर्लीला जाणार. तुम्ही खुशाल चर्चं बघा.

राजसचा जीव वरखाली झाला. मध्ये गाडी बदलायची आहे म्हणाला. भाषा येत नाही म्हणाला. “आणि मेन बात काय, जहाज संध्याकाळी सुटतं, मतलब सुटतंच. एकासाठी थांबत नाही. गाडी लेट झाली तर तू परदेशात रस्त्यावर. त्यापेक्षा जहाजावर आराम कर, मी तुला व्हिडिओ दाखवतो.” आणि मग ते बस्सीचं वाक्य बोलला.

“ठरलं,” मालनबाई म्हणाल्या. “बस्सी तर बस्सी. घे माझी परीक्षा.”

“अगं, मी बोलायचं म्हणून बोललो.”

“मी न्हाय बोलायचं म्हणून ऐकलं.”

झालं! राजस संगणकातला माणूस, एकदा खेळ मांडला की नियम घातल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यानं रविवारभर डोकं चालवलं. बस्सी स्टेशन म्हणजे बंदर. बाहेर उभी केलेली त्याची गाडी म्हणजे जहाज. जयपूर म्हणजे फोर्ली. तिकडं गाडी बदलावी लागते, म्हणून मध्येच गांधीनगर स्टेशनला उतरून दुसरी गाडी धरायची. जयपूर जंक्शनहून सी-स्कीममधल्या मोठ्या बागेत जायचं, तिथल्या उंच झेंड्याजवळचा एक दगड त्यानं ठरवला, त्याला हात लावायचा आणि दुपारच्या पॅसेंजरनं परत बस्सीला यायचं. मोबाइल न्यायचा नाही. हिंदी बोलायची नाही, कारण इटलीत कोण हिंदी बोलतंय! उत्कर्षाची बँक त्या बागेच्या पलीकडेच, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती येऊन साक्षीदार राहील, पण तिनंही मध्ये फोन करून काही कळवायचं नाही. आई त्या पॅसेंजरनं परत आली तर राजस चकार शब्द काढणार नाही. नाही आली तर रावेन्नाच्या दिवशी आईनं मुकाट्यानं जहाजावर बसायचं.

“मुकाट्यानं बसायला मी काय ट्रंक हाय?” मालनबाई म्हणाल्या, पण कबूल झाल्या. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

राजसनं एक दिवस रजा टाकली. सकाळी बस्सी स्टेशनबाहेर गाडी लावताना त्यानं आईच्या मांडीवरची पिशवी बघितली. “यात काय आहे?”

“भाकरी, ठेचा, गूळ.”

“आई, ही नुसती ट्रायल आहे!”

“तालीम करायची तर सगळ्या सामानानिशी. तुझ्या बापाची पलटण काय पाठीवरच्या रिकाम्या पिठ्ठूनं तालीम करायची?” असं म्हणून त्या उतरल्या आणि मागं वळूनसुद्धा न बघता स्टेशनात शिरल्या. मागं वळलं की पोरगं मऊ पडतं आणि आपणही मऊ पडतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

तिकीट खिडकीवरच्या माणसाला त्यांनी मराठीत विचारलं. तो हिंदीत “क्या?” म्हणाला. त्यांनी परत मराठीतच विचारलं, पण हात करून, आणि जयपूर, गांधीनगर ही नावं ठणकावून. त्यानं तिकीट दिलं. एवढंच! राजस ज्याला भाषेचा प्रश्न म्हणत होता तो असा खिडकीच्या एका भोकात सुटला.

गाडीत शेजारी एक बाई बसली होती. पिवळी ओढणी, हातभर बांगड्या, पायाशी मेथीचं गाठोडं. ती तिच्या इकडच्या ढूंढाडी बोलीत बोलू लागली. मालनबाईंना हिंदीचं उत्तर ओठावर आलं होतं, अर्धं आयुष्य छावण्यांत काढलेल्या बाईला हिंदी काय येत नाही? पण नियम म्हणजे नियम. त्या मराठीत बोलल्या. मग ती ढूंढाडीत, ह्या मराठीत. तिनं सुनेबद्दल सांगितलं, ह्यांनी मुलाबद्दल. तिनं कपाळाला हात लावला, ह्यांनीही लावला. गांधीनगर आलं तेव्हा तिनंच ह्यांना कोपरानं ढोसलं आणि पिशवी हातात दिली. उतरताना मालनबाईंनी तिच्या ओंजळीत गुळाचा खडा ठेवला. “बरं हाय बाई, येते,” म्हणाल्या.

दुसरी गाडी मिळाली. जंक्शनबाहेर रिक्षावाल्यांनी गराडा घातला तेव्हा त्यांनी आभाळाकडं बोट दाखवून हातानं झेंडा फडकवून दाखवला. एक म्हातारा रिक्षावाला हसत हसत सीट थोपटून म्हणाला, “बैठो माताजी, समझ गया.” बागेशी उतरल्यावर तो उंच झेंडा दिसला आणि मालनबाईंच्या छातीत असं काही भरून आलं की त्यांनी एकटीनंच मोठ्यांदा म्हटलं, “घे राजस! म्हणे जमणार न्हाय!”

दगड सापडला. एका झाडाखाली बरोबर राजसनं सांगितला तसा, कमरेएवढा, कुणीतरी शोभेसाठी आणून ठेवलेला. मालनबाईंनी त्याला हात लावला. परीक्षेचा अर्धा भाग झाला. आता उलट्या पावली जंक्शन गाठायचं, गाडीत बसायचं आणि बस्सीला त्या राजसच्या तोंडावर जाऊन उभं राहायचं. वेळ भरपूर होता.

पण सामानानिशी तालीम करायची म्हटलेली. फोर्लीला दगडापाशी पोचल्यावर त्या भाकरी ठेवणार होत्या, तर इथंही ठेवायला हवी. त्यांनी चपला काढल्या, रुमाल पसरला, त्यावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि गूळ ठेवला आणि दोन पावलं मागं सरून हात जोडून उभ्या राहिल्या.

त्यांच्या माहेरी ही चालच होती. ज्ञानोबातात्या कुठल्या तिथीला गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचं. पान कौलांवर ठेवलं की इतरांच्या पानांवर कावळे तुटून पडायचे, आणि तात्याचं पान तसंच. अण्णा, म्हणजे मालनबाईंचे वडील, अंगणात उभे. कावळा शिवल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. कधी दिवस कलायचा, पण हलायचे नाहीत.

आणि इथं काय झालं? कावळ्याचा पत्ता नाही, कबुतरं आली! ह्या जयपुराला कबुतरांचं भारी वेड. चौकाचौकांत दाणे टाकून टाकून माजवून ठेवलेली. पाच-सहा आली, मग पंचवीस आली, आणि भाकरीवर उतरली.

“हाऽऽड! मेल्यांनो, तुमच्यासाठी न्हाय ती!” मालनबाई पदर फडकवत धावल्या. कबुतरं उडाली, गोल फिरली, पुन्हा उतरली. पुन्हा धावल्या. बाकावरचं एक जोडपं हसायला लागलं, त्यांच्याकडं मालनबाईंनी असं बघितलं की ती दोघं उठूनच गेली.

जेवणाची सुट्टी झाली आणि बँकेचं कार्ड गळ्यात घातलेली उत्कर्षा आली. लांबूनच टाळ्या वाजवत आली. पोरगी मनाची मोकळी होती, सासूनं जिंकावं अशी तिची आतून इच्छा होती. “आई! आलात की तुम्ही! चला, हात लावलात ना? आता जंक्शनला निघा, मी रिक्षा बघते.”

“थांब जरा. कावळा यायचाय.”

“कोण?”

मालनबाईंनी सांगितलं. उत्कर्षानं आधी भाकरीकडं बघितलं, मग झाडाकडं, मग घड्याळाकडं. “आई, पण हे खोटं खोटं आहे ना? हा तो दगड नाही.”

“दगड तो न्हाय. मी तर तीच हाय ना?”

उत्कर्षा बाकावर टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, “गाडी चुकेल हं, आई.” आणखी थोड्या वेळानं म्हणाली, “आता निघालात तरच मिळेल.” मालनबाईंनाही ते कळत होतं. बस्सीला गाडीच्या दारात उभा असलेला राजस त्यांना दिसत होता, त्याचा विजयी चेहरासुद्धा दिसत होता. हरायची त्यांना अजिबात सवय नव्हती. पाय दोनदा उचलले. दोनदा त्यांनी रुमालाकडं बघितलं. एवढ्या लांब येऊन, जेवायला वाढून, पाहुणा हात धुवायच्या आत आपण उठून पळायचं? कुठल्या घरात असं करतात? त्यांना स्वतःचाच राग आला, मग राजसचा आला, मग त्या जहाजाचा आला आणि त्या मांडी घालून खाली गवतावर बसल्या.

“जाऊ दे गाडी,” त्या म्हणाल्या.

“आई!”

“जाऊ दे म्हटलं ना.”

कबुतरांना त्यांनी हाकलायचं थांबवलं तशी सगळी उतरली, भाकरीचा चुरा उडाला, गुळाचा खडाही कुठल्या कुठं गेला. उत्कर्षा हळहळली. मालनबाई मात्र बघत राहिल्या आणि एकाएकी त्यांचे डोळे भरून आले. त्या दगडावर काय एकट्या तात्याचं नाव होतं? राजसनं दाखवलेल्या फोटोत खालपर्यंत नावंच नावं होती. कुणाकुणाच्या घरचं कोण गेलं असेल तिथं? एकट्या तात्याला वाढून बाकीच्यांना हाड हाड करायचं, हे कुठल्या रीतीत बसतं!

“खा रे बाबांनो,” त्या नाक ओढत म्हणाल्या. “पलटण जेवू दे.”

मग दोघी बसल्या. उत्कर्षानं डबा उघडला, अर्धी पोळी सासूला दिली. बँकेत फोन करून डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग हळूच विचारलं, “पण आई, तिथं खरंच जहाज गेलं तर काय करणार होतात?”

“गेलं तर गेलं. पुढच्या गावाला धरायचं.” मालनबाईंनी पोळीचा घास गिळला. “राजस दोन वर्षांचा होता. ह्यांनी पठाणकोटला बोलावलं म्हणून मी गेले, तर बराकींच्या लाइनीत कुणी न्हाय. पलटण आदल्या दिवशी हलली, कुठं ते कुणी सांगेना. रडत बसले असते तर बसले असते. स्टेशनात गेले, पाणी भरणाऱ्याला विचारलं, मालगाडीच्या गार्डला विचारलं, पुढच्या गाडीत ट्रंका चढवल्या आणि पलटण गाठली. तुझे सासरे तंबूतून बाहेर आले आणि बघतात तर मी पोराला भात भरवतेय! आता त्या जहाजाला सांगितलेली गावं तरी हायत. पासपोर्ट माझ्या कंबरेला असणार. मला काय धाड भरलीय?”

उत्कर्षानं मोबाइल काढला आणि काहीतरी शोधायला लागली.

ऊन कलायला लागलं तेव्हा बागेच्या फाटकातून राजस धावत आला. शर्ट भिजलेला, केस उभे, एका हातात स्वतःचा आणि दुसऱ्या हातात आईचा मोबाइल. पॅसेंजर बस्सीला आली, सगळी माणसं उतरली आणि आई उतरली नाही, तेव्हा हा पठ्ठ्या फलाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला होता. उत्कर्षाचा फोन लागेना. मग गाडी हाणत, आग्रा रोडवरच्या ट्रकांना शिव्या घालत आला होता. आईला गवतावर निवांत बसलेली बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याला राग आला.

“ही काय पद्धत झाली, आई? मी तिथं मरायला टेकलो होतो!”

“जहाज मला शोधत आलं वाटतं,” मालनबाई उत्कर्षाला म्हणाल्या.

“हसू नकोस! गाडी का चुकवलीस? मिळत होती ना? उत्कर्षा, हिला गाडी मिळत होती ना?”

“मिळत होती,” उत्कर्षा म्हणाली. “त्यांनी सोडली.”

“मग तू हरलीस, आई. सॉरी, पण हरलीस. ठरलं होतं आपलं. तिथं असं चालत नाही. जहाज परत येत नाही शोधायला. सुटलं म्हणजे सुटलं!”

मालनबाई उठल्या. गुडघ्यावर हात रोवून सावकाश उठल्या, पण एकदा उठल्यावर ताठ उभ्या राहिल्या. राजसनं आपला आवाज आपोआप खाली आणला.

“जहाज कुणासाठी थांबत न्हाय, हे तू मला सांगतोस?” त्या म्हणाल्या. “लढाई संपली आणि पलटणीला घरी आणायला जहाज लागलं. माझा बाप त्यात चढला. धक्क्यावर हजेरी घेतली तेव्हा तात्याचं नाव कुणी घेतलंच न्हाय. अण्णा म्हणायचे, मला ओरडावंसं वाटलं की थांबा, माझा भाऊ मागं राहिलाय, मला एकदा जाऊन बसू दे त्याच्यापाशी. पण जहाज सुटत होतं ना! अण्णा गप चढले. मरेस्तवर त्या माणसाला ते सुटलं न्हाय. जो तो तात्याला सोडून आला, का, तर जहाज सुटतंय. आणि आता मी पण ऐंशी वर्षांनी जायचं, दगडाला बोट लावायचं आणि जहाज सुटतंय म्हणून उलटं पळायचं? न्हाय जमणार मला. ह्या खेपेला जहाज सुटलं तर सुटू दे. तात्यापाशी घरचं माणूस बसलेलं असू दे.”

राजस खाली गवतावर बसला आणि हातातले दोन्ही मोबाइल बाजूला ठेवले.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” तो म्हणाला.

“तू नियम लिहीत होतास.”

उत्कर्षानं आपला मोबाइल पुढं केला. “पुढचं बंदर अंकोना आहे. फोर्लीहून तिथं सरळ आगगाडी जाते, बदलावी लागत नाही. मी बघितलं.”

राजसनं मान हलवली. गवताची एक काडी उपटली. मग वर न बघताच म्हणाला, “मग मी पण नाही चढणार त्या दिवशी जहाजात. मी येतो तुझ्याबरोबर.”

मालनबाईंनी रुमाल झटकला, घडी घातला आणि पिशवीत टाकला. पोराच्या केसांवरून हात फिरवायचा होता त्यांना, पण आजचा दिवस काही त्याचा नव्हता.

“येतोस तर ये,” त्या म्हणाल्या. “पण तिथं एकदा बसलास की ‘आई, चल’ म्हणायचं न्हाय. मी उठेन तेव्हा उठेन.”